दिवेलागणीची कडी

खोक्याला भोकं पाडली होती आणि आतून एकसारखी चिवचिव येत होती. रिक्षातून उतरताना तिनं ते खोकं तान्ह्या मुलासारखं छातीशी धरलं होतं. ऑक्टोबर २०२० चा पहिला आठवडा. शाळा बंद, मुलं मोबाइलला चिकटलेली, घरामागे गुंठाभर जागा मोकळी पडलेली. चार कोंबड्या पाळाव्यात, मुलांचा जीव रमेल, ताजी अंडी मिळतील, एवढाच विचार होता. चारच्या वीस झाल्या, कारण अंडी उबवणी केंद्रात ती एक दिवसाची मऊ पिल्लं पाहिल्यावर कुणालाच चारवर थांबवत नाही.

कोल्हापूरच्या वेशीवरच्या त्या घरात पाच माणसं होती. ती, बँकेत नोकरी करणारा तिचा नवरा, सहावीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि वर्षापूर्वी कुडाळजवळच्या गावाहून आलेल्या सासूबाई. सासरे गेल्यावर गावचं घर कुलूपबंद करून त्या इथे आल्या होत्या. आल्या, पण रुळल्या नाहीत. सकाळी खिडकीशी बसायच्या, त्या जेवायलाच उठायच्या. ''आई, काही हवंय का?'' असं विचारलं की ''नको गं,'' एवढंच उत्तर.

खोकं उघडलं तेव्हा मुलं ओरडली, नवऱ्यानं फोटो काढले. सासूबाईंनी आत डोकावून विचारलं, ''रात्री वीज गेली तर?''

कुणी उत्तर दिलं नाही.

तयारी तशी झाली होती. लाकडी पेटीत भाताचं तूस पसरलेलं, पिल्लांनी तूस खाऊ नये म्हणून पहिले काही दिवस त्यावर वर्तमानपत्र, पाण्याच्या ताटलीत पिल्लू बुडू नये म्हणून खडे आणि वर चाळीस वॅटचा दिवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करायची, हे तिनं वाचलं होतं. थर्मामीटरही टांगला होता.

तिसऱ्या रात्री परतीचा पाऊस कोसळला आणि वीज गेली. तिला जाग आली ती पिल्लांच्या कर्कश ओरडण्यानं. धावत मागच्या खोलीत गेली, तर सासूबाई तिच्याआधी तिथे पोहोचलेल्या. मेणबत्ती लावून, गरम पाण्याची रबरी पिशवी जुन्या लुगड्यात गुंडाळून त्या पेटीत ठेवत होत्या. थंडीनं पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती. तळाशी सापडलेली दोन गुदमरून मेली होती.

''पेटीला कोपरे आहेत ना, म्हणून,'' सासूबाई म्हणाल्या. ''गोल डालगं हवं होतं.''

त्यांचा आवाज इतका स्पष्ट तिनं वर्षभरात ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी पेटी गेली, पत्र्याचं गोल कडं आलं. थर्मामीटर मात्र तसाच राहिला, पण त्याकडे पाहायची सवय सुटली. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, चोची उघडून कडेला पळाली तर उकडतंय, सगळीकडे पसरून दाणे टिपत असतील तर ठीक. सासूबाईंनी हे एका वाक्यात सांगितलं. पुस्तकात त्यासाठी एक पान खर्ची घातलं होतं.

लसीकरणाची गंमत वेगळीच. ही पिल्लं हैदराबादच्या संशोधन संस्थेत तयार झालेल्या 'ग्रामप्रिया' जातीची. त्यांना मॅरेक्सची लस केंद्रातच टोचलेली होती. पण मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान डोळ्यात थेंब टाकून घरी द्यायची होती आणि चौदाव्या दिवशी गंबोरोची. कुपी मिळते ती शंभर पिल्लांची. एकदा औषध कालवलं की दोन तासांच्या आत संपवायला हवं आणि दुकानापासून घरापर्यंत ते बर्फातच हवं. अठरा पिल्लांसाठी शंभर थेंब! शेवटी पलीकडच्या वस्तीवरच्या दोन घरांनाही त्याच सकाळी बोलावलं. चहा झाला, ओळखी झाल्या. पुढे त्या घरांचा उपयोग लशीपेक्षाही जास्त झाला.

मुलीनं प्रत्येक पिल्लाला नाव दिलं. शेवंती, काळू, राणी, मिठू. तेव्हा कुणीच तिला अडवलं नाही.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात बर्ड फ्लूनं कोंबड्या मेल्याची बातमी टीव्हीवर आली आणि त्याच आठवड्यात कॉलनीतले तीन गृहस्थ फाटकाशी उभे राहिले. ''वहिनी, रविवारपर्यंत यांची काहीतरी व्यवस्था करा.'' नवरा रागावला. ती रात्रभर झोपली नाही. घरात दोन लहान मुलं, एक म्हातारं माणूस. आपणच हा धोका दारात आणून बांधला की काय?

सकाळी ती पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी नीट समजावलं. रोग सापडतो तिथून एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या सरकारी आदेशानं नष्ट करतात. इथे तसा आदेश नव्हता. पक्षी मोकळे सोडायचे नाहीत, दाण्या-पाण्यावर कावळे-चिमण्या येऊ द्यायच्या नाहीत, खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवायची, हात साबणानं धुवायचे आणि अचानक दोन-तीन कोंबड्या मेल्या तर हात न लावता कळवायचं. अंडी आणि मांस पूर्ण शिजवलं तर भीती नाही.

हे ऐकून ती शेजाऱ्यांकडे गेली, पण त्यांचा सूर काही बदलेना. मग एक वहिनी हळूच म्हणाल्या, ''फ्लूचं राहू दे. वासाचं काय?''

खरं दुखणं ते होतं आणि शेजाऱ्यांचं त्यात काहीच चुकलेलं नव्हतं. खुराडं कुंपणाला लागून बांधलं होतं. सोय घरच्यांची, वास दुसऱ्यांना. पाण्याचं भांडं कलंडून तूस ओलं व्हायचं आणि ओल्या तुसाला अमोनियाचा उग्र दर्प सुटायचा. त्या रविवारी नवऱ्यानं आणि मुलांनी खुराडं उचलून आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ आणलं. आता वास आधी आपल्याला येणार! तूस दर दोन दिवसांनी खालीवर करायचं, चुना भुरभुरायचा, भांडं विटेवर ठेवायचं. पंधरा दिवसांत तक्रार थांबली.

मार्चमध्ये, बाविसाव्या आठवड्यात, शेवंतीनं पहिलं अंडं दिलं. लिंबाएवढं. सासूबाईंनी ते उकडून पाच तुकडे केले. नवऱ्यानं वहीत तारीख लिहिली. (बँकेतल्या माणसाला वहीशिवाय कोंबडीही पाळता येत नाही.) त्याच वहीनुसार अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाद्य खाते. वर्षअखेरीस खुराड्याचा खर्च धरून हिशेब मांडला, तर घरचं अंडं बाजारातल्या गावठी अंड्याहून महाग पडलेलं निघालं. ते पान त्यानं कुणाला दाखवलं नाही, पण फाडलंही नाही.

दरम्यान दुसराच प्रश्न आरवू लागला होता. एक दिवसाची पिल्लं घेताना नर-मादी निवडून मिळाली नव्हती. अठरातले सात कोंबडे निघाले. पहाटे चारला एकानं सुरू केलं की सातही जण आरवत. शिवाय ते आपसात झुंजायचे, तलंगांच्या पाठीची पिसं उपटायचे. अकरा कोंबड्यांना एक कोंबडा पुष्कळ झाला. अंड्यांसाठी तर तोही लागत नाही. मग उरलेले सहा?

दर रविवारी दुकानातून चिकन आणणाऱ्या त्या घरात हा प्रश्न कुणीच मोठ्यानं विचारला नव्हता. शेवटी मुलं क्लासला गेलेली असताना वस्तीवरच्या ओळखीच्या माणसानं सहा कोंबडे नेले. मुलगी परत आल्यावर तिनं सांगितलं, ''शेतावर पाठवले गं, मोकळे फिरायला.''

मुलीनं थोडा वेळ विचार केला. ''कुठल्या शेतावर? काळूला भेटायला जाऊ?''

ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्यातून मुलीला कळायचं ते कळलं. दोन दिवस ती आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ''विकले ते नाही गं. तू खोटं बोललीस.'' यावर आईजवळ काही उत्तर नव्हतं आणि तिनं ते शोधायचा प्रयत्नही केला नाही. फक्त ''चुकलं माझं,'' म्हणाली.

रोज संध्याकाळी खुराड्याची कडी सासूबाई लावत. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून आत जातात, त्यांना हाकलावं लागत नाही. पण दार कुणीतरी लावावंच लागतं. सासूबाई आत गेलेल्या मोजत, कडी घालत, मग देवापुढे दिवा. वर्षभर हे इतकं बिनबोभाट चाललं, की ते एक काम आहे हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये सासूबाई गावचं घर झाडून घ्यायला आठवडाभर कुडाळला गेल्या. शनिवारी बाकीचे लग्नाला. परतायला रात्रीचे अकरा. नवऱ्याला वाटलं तिनं कडी लावली, तिला वाटलं मुलानं. सकाळी मुलगाच आधी मागे गेला आणि तिथूनच किंचाळला.

सहा कोंबड्या मेल्या होत्या. खाल्ली होती एकच, बाकीच्या नुसत्या मारून टाकलेल्या. बोका की उदमांजर, ते कळलं नाही. सगळ्यात वरच्या दांडीवर बसलेला कोंबडा आणि पाच कोंबड्या वाचल्या. शेवंती त्यांत नव्हती.

कुणी कुणाला बोललं नाही. नवऱ्यानं मागे खड्डा खणला, चुना टाकला. मग जाळीही बदलली. कोंबड्यांची म्हणून मिळणारी पातळ जाळी काढून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावली, खाली फूटभर जमिनीत गाडली. पण त्या रात्री जाळीचा काही दोष नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. उरलेल्या कोंबड्यांनी धसक्यानं तीन आठवडे अंडं दिलं नाही.

सासूबाईंना फोनवर सांगताना तिचा आवाज फुटेना. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, ''मी येतंय. दिवो लागाच्या आदी दार लावूक व्हया, तां आता कोणाक सांगूक नको.''

आल्या त्या एकट्या नाहीत. डालग्यात एक गावठी कोंबडी होती. अंड्यांसाठी वाढवलेल्या जाती सहसा खुडूक होत नाहीत; ही मात्र फेब्रुवारीत खुडूक झाली. सासूबाईंनी अंधाऱ्या कोपऱ्यात, टोपलीत तूस घालून तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. नवऱ्यानं वहीत एकवीस दिवस मोजून खूण केली. त्याच्या मोबाइलवर आता रोज साडेसहाला गजर होतो. घरात जो असेल तो उठतो आणि ''लावली गं,'' असं ओरडून सांगतो.

एकविसाव्या दिवशी सकाळी आठ पिल्लं निघाली. ना दिवा, ना थर्मामीटर. कोंबडी पंख पसरून बसली होती आणि पंखाखालून एकेक डोकं बाहेर येत होतं. मुलगी उकिडवी बसून कितीतरी वेळ पाहत होती.

''आजी, नावं ठेवू?''

''कोण कोंबडी, कोण कोंबडा ते कळू दे आधी,'' सासूबाई म्हणाल्या.

''आणि कोंबड्यांचं काय करायचं ते?''

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती हातातलं काम बाजूला ठेवून मुलीशेजारी जमिनीवर बसली.