डिझेलच्या नळीतली हवा

टाकीत डिझेल भरलंय, बॅटरी चांगली आहे, स्टार्टर जोरात फिरतोय, तरी इंजिन लागत नाही. अशा वेळी मी आधी एकच गोष्ट विचारतो : टाकी कोरडी पडेपर्यंत चालवलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं. इंजिनाने हवा धरलेली असते, आणि ती काढायला एक पाना पुरतो. पण तो पाना कुठे लावायचा हे तिथल्या माणसाला ठाऊक नसेल, तर अख्ख्या गावाचं पाणी अडतं.

तमिळनाडूतल्या ओरत्तनाडु भागात हे फार मोठ्या प्रमाणावर घडू शकतं. तंजावरहून पट्टुकोट्टईला जाताना हे गाव लागतं. 1934 साली मेट्टूर धरण झालं, कल्लणैचा नवा कालवा आला आणि या पट्ट्यात भात पिकू लागला. शेतीपंपाला वीज मोफत, त्यामुळे डिझेल इंजिन मागे पडलं. मग 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. नारळाच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले आणि गावोगावच्या पाण्याच्या उंच टाक्या जनरेटर लावून भरायची वेळ आली. असा जनरेटर या गावातून त्या गावात फिरतो. डिझेल जेमतेम, घाई मोठी. डिझेलची टाकी कधी तळ गाठते ते कळतही नाही.

एवढीशी हवा एवढं अवजड इंजिन कशी अडवते, याचा हिशेब सोपा आहे. पाच हॉर्सपॉवरचं एक सिलिंडरचं फोरस्ट्रोक इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण 1.1 लिटर डिझेल पितं. 1500 आरपीएमला तासात 45,000 वेळा इंधन फवारलं जातं. म्हणजे एका वेळी जेमतेम 25 घन मिलिमीटर, पाण्याच्या थेंबाच्या निम्मं. हे एवढंसं डिझेल सुमारे 200 बार दाबाने नोझलमधून सुटायला हवं. डिझेल जवळजवळ दबत नाही, म्हणून इंधनपंपाच्या प्लंजरने ढकललं की काठीने ढकलावं तसा जोर थेट नोझलपर्यंत पोचतो. नळीत बुडबुडा असला की प्लंजरचा सगळा जोर त्याला दाबण्यात जातो, नोझल उघडतच नाही.

खरं तर डिझेल इंजिन पेटतं ते हवेवरच. सिलिंडरमध्ये दाबून तापलेली हवाच इंधन पेटवते. रुडॉल्फ डिझेल यांच्या 1897 च्या इंजिनात तर इंधन आत फुंकायलाही दाबलेली हवा वापरत. 1927 पासून बॉशचे इंधनपंप कारखान्यातून निघू लागले, नुसत्या डिझेलच्या दाबावर फवारा उडवणं रुळलं, आणि तेव्हापासून नळीत हवेला थारा राहिला नाही.

साध्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात हवा टाकीकडून नोझलकडे, याच क्रमाने काढायची. आधी टाकी चांगली भरा. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप दाबत राहा. आधी फेस येतो, मग फुरफुरत डिझेल, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. हात थांबवून आवळला तर हवा परत आत जाते. नंतर हेच इंधनपंपाच्या स्क्रूला. शेवटी नोझलकडचे नट सैल करून इंजिन फिरवायचं, डिझेल उसळू लागलं की आवळायचं. एक सिलिंडरच्या इंजिनाला हँडल मारताना मग नोझलचा ‘किर्र’ असा आवाज येतो. तो आला की समजावं, हवा गेली. फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नका. तो दाब कातडी फोडून डिझेल आत घुसवतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठावा लागतो.

पण इंजिन लागलं म्हणजे काम झालं असं नाही. टाकी भरलेली असताना हवा पुन्हा पुन्हा धरत असेल, तर ती येते कुठून हे शोधलंच पाहिजे. लोक गळती हुडकतात, कुठे ओलं दिसतं ते बघतात. टाकीपासून, डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतच्या नळीत मात्र ओढ असते. तिथे चीर असली तर इंजिन चालताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते आणि जोड कोरडाच दिसतो. अशा वेळी मी फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडतो. इंजिन अर्धा मिनिट नीट चालतं, मग हंटिंग करू लागतं, म्हणजे त्याचा वेग कमीजास्त होतो, आणि त्याच वेळी नळीतून बुडबुड्यांची माळ सरकताना दिसते. एकेक जोड आवळत मागे जायचं. बहुतेकदा एखादी ढिली क्लिप सापडते, नाहीतर पुन्हा पुन्हा वापरून कडक झालेला, नळीच्या जोडावरच्या बंजो बोल्टचा तांब्याचा वायसर. नवा वायसर काही रुपयांना मिळतो.

म्हणून माझा आग्रह आहे : जनरेटर गावात जाईल तेव्हा त्याच्याबरोबर योग्य मापाचा पाना आणि नवे वायसर गेलेच पाहिजेत, आणि हवा काढता येणारा माणूस तिथे असलाच पाहिजे. हा माणूस गावातलाच हवा. ओरत्तनाडुचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, वादळंही त्याच दिवसांतली. त्याआधी दर वर्षी पंचायतीने पाणी सोडणाऱ्या माणसाकडून त्याच्याच हाताने एकदा तरी हे काम करून घ्यावं. आपल्या कोकणातल्या ग्रामपंचायतींनीही पावसाळ्याआधी हेच करावं. वादळानंतर रस्ते बंद असतात, मेकॅनिक पोचत नाही, आणि पाण्याची टाकी तर त्याच दिवशी भरायची असते.