धरणे आणि सोडणे

आयफोनसाठी ॲप लिहिण्याची मुभा बाहेरच्या प्रोग्रामरांना २००८ साली मिळाली, तेव्हा त्या यंत्राची स्मृती अवघी १२८ मेगाबाइट होती. आणि तिच्यातलाही मोठा वाटा यंत्र स्वतःसाठी राखून ठेवी. उरलेल्या जागेत पडद्यावरचे प्रत्येक बटण, प्रत्येक चित्र मावावे लागे, आणि ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत त्यांचा हिशेब प्रोग्रामरने हातानेच ठेवायचा असे. वस्तू निर्माण झाली की तिच्या नावे एक मांडला जाई. कुणी ‘रिटेन’ म्हणून धरली की आकडा वाढे, ‘रिलीज’ म्हणून सोडली की उतरे. शून्यावर आला की वस्तू नाहीशी होई. ज्याने धरले त्याने सोडावे, एवढाच नियम. पोरालाही समजेल असा; पण तो पाळताना जाणती माणसे थकून जात.

कारण एकाच वस्तूला धरणारे हात अनेक असतात. बटण पडद्यावर ठेवताच पडदाही त्याला धरतो, आणि मिटताना आपला हात काढून घेतो. प्रोग्रामरचा हात मात्र तसाच राहिला, तर ते बटण कुणालाही न दिसता जागा अडवून बसते. भाडेकरू गाव सोडून गेला तरी खोलीला त्याचे कुलूप लोंबत राहावे, तसे. अशी कुलुपे साठली की यंत्र आधी इशारा देई, आणि पुढे ॲपच बंद करून टाकी. वापरणाऱ्याचे अर्धे लिहिलेले पत्र त्यासरशी जाई, आणि का गेले हे त्याला कधी कळत नसे.

एकदा जास्त सोडणे त्याहून वाईट. वस्तू गेलेली, पत्ता तेवढा हाती उरलेला. त्या पत्त्यावर हाक मारली की ॲप कोसळे, तेही पुष्कळदा भलत्याच ठिकाणी. माग काढण्यासाठी अशा वस्तूंना पुरते मरू न देण्याची सोय होती. तिचे नाव ‘झॉम्बी’. नाव ठेवणाऱ्याची विनोदबुद्धी वाखाणण्याजोगी!

२०११ साली ॲपलने हा जमाखर्च कंपायलरकडे सोपवला. आकडे गेले नाहीत, नजरेआड झाले. दोन वस्तूंनी एकमेकींना धरले, तर बाहेरचे सारे हात निघूनही दोघींचे आकडे एकावरच अडतात. ती गाठ कंपायलरला सुटत नाही. एकीची पकड सैल आहे, असे माणसालाच लिहून द्यावे लागते. पडद्याचा सूत्रधार पडद्यावरच्या यादीला घट्ट धरतो. यादीने सूत्रधाराला सैल धरावे, अशी रूढी आहे. हाताने हिशेब लिहिलेल्यांना तिचे कारण विचारावे लागत नाही.