वाऱ्यावर सोडलेले दिवस

निसेको अन्नुपुरी हा डोंगर १,३०८ मीटर उंच आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटपेक्षाही ठेंगणा. कळसूबाई तर त्याच्यापेक्षा कितीतरी उंच. हे मी मोठ्या कौतुकाने आईला सांगितलं, तर तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मग त्यासाठी जपानला कशाला जायचं? आणि सगळे दिवस त्या एकाच डोंगरावर?"

तिचा दुसरा प्रश्न खरा होता. आमच्या घरात परदेशवारी म्हणजे रोज सकाळी बॅगा दाराबाहेर, नाश्ता, बस, पुढचं शहर. स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या नातलगांनी टिटलिसवर बर्फात तासभर काढला, एकमेकांवर गोळे फेकले, गरम चहा घेतला आणि खाली आले. त्यात वाईट काही नाही. पण बर्फावर काही शिकायचं असेल, तर एका जागी ठिय्या द्यावा लागतो, हे मला गुलमर्गने शिकवलं होतं. चाळिशी उलटल्यावर मी तिथे स्नोबोर्ड पायाला बांधला. गोंडोलाचा पहिला टप्पा जिथे संपतो त्या कोंगदूरीपर्यंत जाऊन, हिरव्या खुणेच्या उतारावरून डावी-उजवी वळणं घेत न पडता खाली येणं, इथवर माझी मजल. भाची तोक्योला निशी-कासाईत राहते. तिथे मराठी माणसांचा तोटा नाही, आणि हिवाळ्यात त्यातले बरेच जण शिंकान्सेनने गाला युझावाला जातात, कारण स्टेशनातून बाहेर पडलं की थेट लिफ्टच. ती तिथे शिकली, माझ्यापेक्षा बरीच पुढे गेली, आणि मग एका रविवारी फोनवर म्हणाली, "मावशी, या वर्षी तू ये. पण ठिकाण मी ठरवणार."

ठिकाण तिने ठरवलं नाही. माझ्या माकडहाडाने ठरवलं.

स्कीवाला पडतो तो बहुधा कुशीवर. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात. टाचेकडची कड निसटली की माणूस थेट बसतो आणि चवड्याकडची रुतली की पालथा पडून मनगटांवर येतो. नवशिक्यांची मनगटं याच कारणाने मोडतात. गुलमर्गला सकाळच्या घट्ट, रात्रभर गोठलेल्या उतारावर मी दोन्ही प्रकार पुरेसे अनुभवले होते. म्हणून नकाशे, छायाचित्रं, हॉटेलांचे दर बघण्याआधी मी एकच गोष्ट बघत होते, ती म्हणजे तिथला बर्फ पडायला कसा आहे.

आल्प्स त्यामुळे पहिल्या फेरीत बाद झाले. तिथले दाबून सपाट केलेले उतार देखणे आहेत, पण थंडीची लाट आणि कोरडं आकाश आलं की कडक होतात. शिवाय दोरीला लटकणाऱ्या दांड्याने ओढून नेणाऱ्या जुन्या लिफ्टा अजून बऱ्याच ठिकाणी आहेत. स्कीवाल्याला त्या सोयीच्या. स्नोबोर्डवाल्याची एका बाजूने चालताना अगदी फटफजिती होते. जॉर्जियातलं गुदाउरी स्वस्त होतं. तिबिलिसीपासून सुमारे १२० किलोमीटर, चीज भरलेल्या खाचापुरी रोटीमुळे शाकाहाऱ्याचंही भागतं. पण तिथे झाडंच नाहीत, सगळा उघडा डोंगर. धुकं उतरलं की वर-खाली कळत नाही, नजरेला धरायला खूण लागते. भाचीचं मन नागानोत होतं. १९९८च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंग पहिल्यांदा आलं ते नागानोत, हाकुबाच्या हाप्पो-ओने उतारावर तेव्हा डाउनहिलची शर्यत झाली, आणि नोझावा ओन्सेन गावात १३ सार्वजनिक गरम पाण्याची न्हाणीघरं आहेत, जी गावकरीच सांभाळतात. तोक्योहून रेल्वेने अर्ध्या दिवसात पोहोचता येतं. मुद्दे सगळे वजनदार. पण हाकुबाचे उतार तीव्र, आणि तिथल्या वेगवेगळ्या रिसॉर्टांमध्ये ये-जा करायला बस. मला तेवढं नको होतं.

मग जपानचं उत्तरेकडचं बेट होक्काइदो, आणि त्यातही निसेको. का, हे मला भूगोलाने पटवलं, आणि तोही आपल्याच भूगोलाने. नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीला अडतात आणि महाबळेश्वरला झोडपून काढतात. होक्काइदोला हिवाळ्यात हेच घडतं, फक्त वारा सैबेरियातून येतो. हाडं गोठवणारी कोरडी हवा जपानच्या समुद्रावर उतरते. त्सुशिमा प्रवाहामुळे तो समुद्र त्या हवेच्या मानाने उबदार असतो. हवा त्यातून बाष्प उचलते आणि किनाऱ्यालगतच्या पहिल्या डोंगरांना आदळून सगळं ओतते. निसेको त्या पहिल्या डोंगरांत आहे. म्हणून महाबळेश्वरपेक्षा ठेंगण्या डोंगरावर एका मोसमात सरासरी १४-१५ मीटर बर्फ पडतो. उंचीचा त्यात फारसा संबंध नाही. आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपला आषाढच की." मी पुढे काही बोलले नाही.

हा बर्फ थंड हवेत तयार होतो आणि फार प्रवास न करता जमिनीवर येतो, त्यामुळे कोरडा राहतो. मुठीत धरून गोळा करू म्हटलं तर होत नाही, रांगोळीसारखा बोटांतून सांडतो. बर्फाच्या स्फटिकाचा आकार तापमान आणि बाष्पावर ठरतो, हे ज्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं ते उकिचिरो नाकाया होक्काइदोतल्याच साप्पोरोच्या विद्यापीठात होते. १९३६ साली त्यांनी जगात पहिल्यांदा कृत्रिम हिमस्फटिक बनवला. बाहेर एवढा कच्चा माल पडलेला असताना आत बसून बर्फ बनवणाऱ्या माणसाबद्दल मला अपार आदर वाटतो.

ठिकाण ठरल्यावर खरी गंमत सुरू झाली. जपानच्या व्हिसाच्या कागदांत मुक्कामाचा दिवसवार तक्ता लागतो. कोणत्या तारखेला कुठे, काय करणार, कुठे राहणार. मी पहिल्या ओळीत लिहिलं, "निसेको, स्नोबोर्डिंग". पुढच्या तारखेसमोर तेच, आणि त्याच्या पुढेही तेच. कागद बघून मलाच संशय आला असता. पण व्हिसा आला. त्या तक्त्यात खरं म्हणजे काहीच ठरलेलं नव्हतं. जो वारा बर्फ आणतो तोच वारा लिफ्टा बंद पाडतो. निसेकोच्या वरच्या लिफ्टा जोराच्या वाऱ्यात थांबवतात. माथ्याकडे तर पुढे दांडीही नसलेली, एकेकट्या माणसाने बसायची जुनी खुर्ची आहे. तिथे वारा आला की ती बंद होणार आणि व्हायलाच हवी. म्हणून आम्ही सगळ्या दिवसांचे पास आगाऊ घेतले नाहीत. हिराफू, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि अन्नुपुरी असे एकाच डोंगराचे चार भाग. चारही भागांचा एकत्र पास मिळतो, आणि एकेका भागाचा वेगळाही, तो स्वस्त. मला सुरुवातीला अन्नुपुरीचे रुंद, सौम्य उतार पुरणार होते. भाचीने रोज रात्री हवामान बघायचं आणि सकाळी पास घ्यायचा, असं ठरलं. आगाऊ घेतला तर थोडा स्वस्त पडतो, हे खरं. पण पैसे भरलेत म्हणून वादळात डोंगरावर जाणारी माणसं मी गुलमर्गला पाहिली आहेत. त्यांना बर्फ दिसत नाही, पावती दिसते.

तारखांवरून थोडं भांडण झालं. जानेवारीत बर्फ सर्वांत जास्त, पण ऊन जवळजवळ नाही. शिवाय ऑस्ट्रेलियात तेव्हा शाळांना उन्हाळ्याची सुट्टी, आणि निसेकोला नाव मिळालं ते बरंचसं ऑस्ट्रेलियन लोकांमुळेच. घड्याळ एक-दोन तासच पुढे-मागे करायचं, म्हणून ते तिथे लोटतात. चांद्र नववर्ष दरवर्षी सरकतं आणि त्या आठवड्यात खोल्यांचे दर भडकतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला साप्पोरोचा हिमोत्सव असतो. हे सगळं टाळून आम्ही फेब्रुवारीचा शेवट धरला. तोवर जमिनीवर बर्फाचा थर साचलेला असतो, ऊन अधूनमधून डोकावतं आणि समोरचा योतेई दिसण्याची शक्यता वाढते. फुजीसारखा दिसणारा हा १,८९८ मीटरचा ज्वालामुखी. ऑस्ट्रियाचे लष्करी अधिकारी थिओडोर फॉन लेर्ख यांनी १९११ साली ताकादात जपानी सैनिकांना स्की शिकवलं आणि पुढच्या वर्षी ते या योतेईवर चढले. लिफ्ट नसताना. मी त्या डोंगराकडे बघणार, एवढंच.

राहायला हिराफूत नाही, तर कुत्चान गावात स्वयंपाकघर असलेली जागा घेतली. हिराफूत इंग्रजी चालतं, पण एका वाटी सूपची किंमत ऐकून जेवायची इच्छाच जाते. आणि शाकाहाऱ्याची खरी अडचण किमतीची नव्हेच. जपानी स्वयंपाकात दाशी, म्हणजे बहुधा माशाचं सार, कशात नसतं ते शोधावं लागतं. उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेला भाताचा गोळा हा रस्त्यावरचा आधार, आणि होक्काइदोत गल्लोगल्ली असलेलं सेकोमार्ट हे दुकान. बाकी सगळं भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याच्या चटणीवर निभावलं. दिवसभर बर्फात आपटून आल्यावर गरम थालीपीठ आणि लोणी पोटात गेलं की माकडहाडही तक्रार करत नाही. साप्पोरोत सूप करी मिळते, ती भाचीला फार आवडते. तिच्या रश्श्यात बहुतेकदा कोंबडीचा अर्क असतो, असं तिनेच मला सांगितलं, पण स्वतःची वाटी संपवल्यानंतर.

विम्याचा कागद मात्र मी शब्द न् शब्द वाचला. प्रवासविम्यात हिवाळी खेळ बहुतेकदा वगळलेले असतात, त्यांच्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात. ते भरले तरी खुणांच्या बाहेरचा उतार पुन्हा वगळलेला. या बारीक अक्षरांत मी जितका वेळ घालवला तितका जॅकेट निवडण्यात नाही. जॅकेट भाड्याने मिळतं. बोर्ड, बाइंडिंग, हेल्मेटही मिळतात. सोबत न्यावं असं थोडंच. मनगटांचे पट्टे, बसणीला गादी असलेली अर्धी चड्डी, आणि ढगाळ उजेडासाठी फिक्या काचेचा गॉगल, कारण सतत बर्फ पडत असताना गडद काचेतून उंचवटा दिसतच नाही. भाड्याच्या अर्जावर बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये लिहायचं आणि कोणता पाय पुढे ते सांगायचं. माझा उजवा पुढे असतो, त्याला गुफी म्हणतात. आणि तोक्योहून पुढे सामान आपण ओढायचं नाही, ते सामान पोहोचवणाऱ्या ताक्युबिनवाल्यांच्या हाती द्यायचं. बॅगा आपल्याआधी पोहोचतात. बॅगा दाराबाहेर ठेवायची आईची सवय अशी जपानमध्येही उपयोगी पडली असती.

शिन-चितोसे विमानतळावरून बसने निसेकोला जायला अडीच-तीन तास. पहिल्या सकाळी अन्नुपुरीच्या उतारावर मी पडले, आणि काहीच झालं नाही. नुसता धप्प असा दबलेला आवाज. एवढ्यासाठी एवढा खटाटोप केला होता, आणि तो वसूल झाला. उठणं मात्र अवघड. हात टेकला की कोपरापर्यंत आत. सपाट भागात वेग संपला की स्नोबोर्डवाल्याकडे काठ्या नसतात. एक पाय सोडवायचा आणि ढकलत राहायचं. तो पाय कमरेपर्यंत रुततो. स्कीवाली पोरं शेजारून निघून जातात, त्यांच्याकडे बघायचं नाही.

मधले काही दिवस वाऱ्याने घेतले. वरच्या लिफ्टा बंद, खालच्या थोड्या चालू. त्या दिवसांचा पास आम्ही घेतलाच नव्हता, म्हणून जीव हळहळला नाही. गरम पाण्याच्या कुंडात बसलो. तिथे कपडे चालत नाहीत आणि बऱ्याच ठिकाणी गोंदणही चालत नाही. भाचीच्या दंडावर छोटं फुलपाखरू आहे, त्यावर तिने चिकटपट्टी लावली. माझ्या आजीचे गोंदलेले हात आठवून मला हसू आलं.

एक दिवस मात्र आम्ही आधीच बांधून ठेवला होता, वाटाड्याचा. निसेकोच्या माथ्यावर फाटकं आहेत. पूर्वी लोक दोराखालून घुसून बाहेरच्या उतारावर जायचे आणि हिमस्खलनात सापडायचे. नुसत्या बंदीने ते थांबेना. म्हणून तिथल्या लोकांनी नियम केले. बाहेर जायचं तर फाटकातूनच, फाटक बंद असेल तर नाही, आणि दोर कधीच ओलांडायचा नाही. रोज सकाळी हिमस्खलनाची माहिती जाहीर होते. बाहेर हरवलात तर शोधायचा खर्च तुमच्याकडून. मला फाटकाबाहेर जायचं नव्हतंच, भाचीला जायचं होतं. त्या सकाळी वाटाड्याने माहिती वाचली, माथ्याकडे बघितलं आणि म्हणाला, आज फाटक नाही. पैसे पूर्ण घेतले. वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण तो आमच्या जिवाची किंमत आमच्यापेक्षा बरी जाणत होता.

मग त्याने आम्हाला हानाझोनोच्या खालच्या अंगाला, खुणांच्या आतल्या भूर्ज झाडांत नेलं. झाडाच्या बुंध्याभोवती भुसभुशीत पोकळी असते. त्यात डोकं खाली करून पडलं तर माणूस स्वतः बाहेर येऊ शकत नाही, म्हणून जोडीदार नेहमी हाकेच्या अंतरावर हवा. हे सांगून त्याने आम्हाला एकमेकींच्या नावाने ओरडायला लावलं. "मावशी!" ही हाक त्या जंगलात पहिल्यांदाच उमटली असणार. दुपारी त्याने एक बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाचा माग देणारा यंत्रसंच, बर्फात पुरून ठेवला आणि आमच्या हातात दुसरा दिला. त्यावरचा अंतराचा आकडा कमी होत जाईल त्या दिशेने चालायचं, मग गुडघ्यांवर येऊन, मग सळई खुपसून. भाचीने तो फार लवकर शोधला. माझ्या वेळी मी गोल गोल फिरत राहिले आणि आकडा वाढतच होता. वाटाडा घड्याळाकडे बघत म्हणाला, पुन्हा. संध्याकाळी भाची चिडचिड करत होती, फाटक हुकलं म्हणून. मी थालीपीठ उलटत तिला विचारलं, मी पुरली गेले असते आणि शोधायला तू असतीस, तर ठीक. उलटं झालं असतं तर? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी आधी तुझा बीकनचा सराव, मग तारखा."