अप्पांचे जाकीट

श्रावण सरत आला की आमच्या घरी कपाटे-ट्रंका उघडून कपड्यांना वारा देण्याची पद्धत आहे. बेळगावचा पाऊस कौलांवर पडतो, पण त्याची ओल थेट कपाटापर्यंत पोहोचते, हे आपल्याला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी तळाच्या ट्रंकेतून अप्पांचे चामड्याचे जाकीट काढले आणि मी चरकलो. जपून राहावे म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेल्या त्या तपकिरी जाकिटावर पांढरी बुरशी चढली होती.

अप्पा विम्याचे काम करीत. १९७५ च्या सुमारास त्यांनी ते एका निवृत्त फौजीकडून जुनेच विकत घेतले होते. थंडीच्या पहाटे येझदीवरून वंटमुरी घाटातून संकेश्वर-निपाणीकडे निघाले की तेच अंगावर असे. त्यांना जाऊन आता अकरा वर्षे झाली.

मी पडलो पुस्तकातला माणूस. डाव्या बाहीला सढळ हाताने खोबरेल चोळले आणि जाकीट उन्हात टाकले. संध्याकाळपर्यंत बाही काळपट आणि चिकट झाली, वर धूळ बसली ती वेगळीच. शेवटी चौकात बसणाऱ्या अथणीच्या एका वयस्कर कारागिरांकडे गेलो. त्यांनी बाही बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, ‘‘सर, इदक्क एण्णी कुडिसब्याड्री.’’ याला तेल पाजू नका!

मग त्यांनी रीत सांगितली. बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसायची, म्हणजे ती इतर कपड्यांवर उडत नाही. नंतर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने हलकेच पुसायचे. तेही आधी आतल्या कोपऱ्यावर रंग जातो का ते पाहून. वाळवायचे सावलीत. ऊन लागले की चामडे आखडते. पूर्ण वाळल्यावर चामड्याचे बिनरंगी क्रीम अगदी पातळ लावायचे आणि उरलेले पुसून काढायचे. टांगायचे रुंद खांद्याच्या हँगरवर, वरून सुती कापड, प्लॅस्टिक नाही.

कपड्याचा साबण का नको, ते आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी सांगितले. चामडे किंचित आम्लधर्मी असते आणि साबण अल्कधर्मी. साबणाने वरची घाण निघते, पण चामडे कडक होऊन पुढे तडकते. आणि एकदा गेलेली चीर कोणतेही क्रीम सांधत नाही.

त्या कारागिरांचा पिढीजात धंदा कोल्हापुरी चपलांचा. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेले चामडे त्यांच्या हातातले. या चपलांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्हीकडच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. जाकिटाचे चामडे निराळ्या पद्धतीने कमावलेले, पण हाताला कळायचे ते कळतेच.

जाता जाता ते म्हणाले, ‘‘अस्तर विरलंय सर. घामानं खराब होतं ते. नवीन घालून देतो.’’ मलाही पटले. घरी आईला सांगितले. आई मूळची धारवाडची. मनातले बोलायचे असले की ती कन्नडवर येते. तिने जाकीट मांडीवर घेतले, कॉलरची आतली बाजू नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच बसली. मग हळूच म्हणाली, ‘‘अदर वासनी तगीब्याडपा.’’

पेट्रोल, तंबाखू आणि घाटातल्या पहाटेचा तो वास. बाहेरून जाकीट चकचकीत करण्याच्या नादात मी तोच काढायला निघालो होतो.

अस्तर बदलले नाही. कारागिरांनी उसवलेली शिवण तेवढी घालून दिली. कोपरांवरच्या घड्याही तशाच आहेत आणि माझ्या खोबरेलाचा डागही. आता पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मी जाकीट वाऱ्यासाठी काढतो आणि दिवसभर आईच्या खोलीत टांगतो. संध्याकाळी ते परत आणायला मुद्दामच जरा उशीर करतो.