गच्चीवरचा रविवार

देवनार म्हटलं, की आधी नाकाला रुमाल! 1927 पासून मुंबईचा कचरा इथे पडत आला, लोक तरी काय करणार? पण मुलांनो, एका रविवारी हार्बरच्या गाडीनं गोवंडीला उतरा आणि माझ्या भाचीच्या गच्चीवर चला. तिथे तिघं जण गिटारवर 'ब्लूज' शिकतायत.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांत राबणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या मजुरांचं संगीत. बडी गाय (आडनाव आहे ते, हसू नका!) हे तशाच शेतमजुराच्या घरातले. लहानपणी त्यांनी खिडकीच्या जाळीच्या तारा काढून वाद्य केलं होतं! 2011 साली ते आपल्या वांद्र्यात, मेहबूब स्टुडिओत वाजवून गेले.

बांधणी सोपी. तीन कॉर्ड, चार-चार मात्रांचे बारा खंड, की 48 मात्रांचं आवर्तन पुरं. सोपी? वाजवून बघा!

भाची दर रविवारी कालनिर्णयच्या चौकोनात प्रगती लिहिते. पहिला रविवार: 'बोटं सोलली.' तिसरा: 'बी सेव्हन वाजतच नाही.' पाचव्या चौकोनात नुसती फुली. त्या दिवशी बाईसाहेब गिटार परत द्यायला निघाल्या होत्या, बरं का! सहाव्यात मात्र: 'तार ओढली, सूर चढला.' सतारीवर मींड घेतात ना, तशी तार पडद्यावर ओढायची. जरा कमी ओढली, की बेसूर.

मी गेलो तो आठवा रविवार. नवव्या खंडाशी, तिथेच तो बी सेव्हन, तिघंही अडखळली. तेवढ्यात वारा फिरला आणि तो वास आला. कुणीच रुमाल काढला नाही. हात मोकळे होते कुठे? पुन्हा पहिल्या खंडापासून सुरू!