घारापुरीला दिवसभर

सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचवते, कामं उरकून रात्री तीच गाडी परत धरायची, ही आम्हा सोलापूरकरांची रीत. यंदा नोव्हेंबरात मात्र अक्काला आणि मला मुंबईत काहीच काम नव्हतं. "आज पळापळ नको गं," अक्का म्हणाली. गेटवेवरून सकाळची लाँच धरली. तासाभराचा प्रवास. मागे कुरव पक्ष्यांचा थवा, समोर दोन टेकड्यांचं हिरवंगार बेट.

लेणी पाहून बहुतेक लोक लगेच परत फिरतात. आम्हीही आधी लेण्यातच गेलो. अठरा-वीस फुटांची ती त्रिमुखी शिवमूर्ती अंधाराला डोळे सरावले की हळूहळू समोर येते. सहाव्या शतकातलं हे काम. पोर्तुगीजांच्या काळात बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटले, पण शिवाच्या मिटल्या डोळ्यांतली शांतता कुणाला फोडता आली नाही. अक्का गर्भगृहापाशी बराच वेळ बसून राहिली. चार दिशांना चार दारं आणि प्रत्येक दाराशी उंच द्वारपाल.

मला जास्त गुंतवलं ते लेण्यातल्या पाण्याच्या टाक्यांनी. डोंगर कोरणाऱ्यांनी देवाबरोबर पाण्याचीही सोय कोरून ठेवली. चहूकडे समुद्र, पण प्यायला उपयोगाचं फक्त पावसाचं पाणी. पुढे चालत गेल्यावर झाडीत साठवणीचं छोटं धरणही लागलं. आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे असं साठवलेलं पाणी दिसलं की पाय थांबतातच. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तलाव खोदवून घेतला, तोही याच जाणिवेतून, असं मला तिथे उभं असताना फार जाणवलं.

मग वर तोफांच्या टेकडीकडे. आमच्याकडचं रान म्हणजे नान्नजचं माळरान. क्षितिजापर्यंत गवत, मधूनच पळणारं काळवीट, सावली शोधावी लागते. इथे आंबा, चिंच, करंज, ताड यांची इतकी दाटी, की दुपारी बारालाही पायवाटेवर ऊन कवडशांपुरतंच. माकडं पिशवीवर डोळा ठेवून होती, म्हणून भाकरी आणि शेंगाचटणी घाईनेच संपवली. माथ्यावर इंग्रजांच्या काळातल्या अजस्र तोफा आहेत. तिथून न्हावाशेवा बंदराच्या क्रेन आणि उत्तरेला अटल सेतू दिसतो. एवढ्या धावपळीच्या खाडीत हे जंगल अजून टिकून आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

उतरताना एका मावशींकडून आवळे घेतले. त्या राजबंदरच्या. शेतबंदर, मोराबंदर ही बेटावरची आणखी दोन गावं. "लाइट आली तेव्हा पोरं रात्रभर झोपली नाहीत," मावशी म्हणाल्या. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असूनही या बेटावर कायमची वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलने. लेण्यांना जागतिक वारशाचा मान त्याच्या एकतीस वर्षं आधी, १९८७ मध्येच मिळाला होता. पाहुण्यांच्या सोयीआधी इथल्या माणसांच्या सोयी व्हायला हव्या होत्या, हे माझं ठाम मत.

ओहोटीला किनाऱ्यावर कांदळवनाची मुळं उघडी पडली होती. चिखलात बगळे. अक्का पायऱ्यांवर पाय सोडून बसली आणि संध्याकाळच्या लाँचपर्यंत उठलीच नाही.

घारापुरीला जायचं असेल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. सकाळची लाँच धरा आणि संध्याकाळपर्यंत थांबा. आवळे, काकडी, पेरू तिथल्याच बायकांकडून घ्या. आणि रिकाम्या बाटल्या सोबत परत आणा, कारण बेटावर टाकलेला कचराही शेवटी होडीनेच बाहेर न्यावा लागतो.