वेगळा कप

मामू गेले ते 1999 च्या पावसाळ्यात. साताऱ्याहून ट्रक घेऊन पुणे-बंगळूर रस्त्यानं धावणारा धडधाकट माणूस, शेवटी नुसता हाडांचा सापळा उरला होता. गुस्लची वेळ आली तेव्हा मोहल्ल्यातल्या प्रत्येक मय्यतीला आधी बाह्या सरसावणारे एक बुजुर्ग मागं सरले. "बीमारी गंदी है," एवढंच म्हणाले. अखेर अब्बांनी हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून पाणी घातलं. मी दारात उभा होतो. पाण्याचा तांब्यासुद्धा मी आत नेऊन दिला नाही.

टीबीनं गेलेल्या शेजाऱ्याच्या उशाशी हेच बुजुर्ग शेवटपर्यंत बसून होते. टीबी खोकल्यातून पसरतो, एचआयव्ही शिवल्यानं पसरत नाही. पण टीबीच्या माणसानं 'बाहेर' काही केलेलं नसतं ना!

मामीचं माहेर सांगलीचं. तिलाही लागण झाली होती. ती कुणाकडून झाली हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी तिच्यावर जुलूम झाला असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. शिव्या खाल्ल्या त्या सांगलीतल्या गोकुळनगरच्या बायकांनी. मामू तिथं कधी गेले होते का, हे कुणी विचारलं नाही. रस्ता तर बंगळूरपर्यंत जातो.

त्या बायका तेव्हा काय करत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. 'संग्राम' संस्थेनं 1992 मध्ये सांगलीत काम सुरू केलं, आणि धंदा करणाऱ्या बायकाच पुढं होऊन निरोध वाटू लागल्या. 1996 मध्ये त्यांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. आमच्या घरात, शाळेत, कट्ट्यावर ज्या वस्तूचं नाव घेणं पाप होतं, ती त्या गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून अडून बसत होत्या. मामी वाचली असती तर त्याच वस्तूनं.

सरकारी दवाखान्यांतून एआरटीची औषधं मोफत मिळू लागली 2004 मध्ये. मामी 2003 मध्ये गेली. भेदभावाविरुद्धचा कायदा तर 2017 चा.

ती आमच्याकडं यायची तेव्हा चहा वेगळ्या कपात. तो कप मीच बाजूला काढला होता. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, सूक्ष्मजीवशास्त्र विषय घेऊन! मामीनं कधी विचारलं नाही. चहा झाला की कप स्वतः विसळायची आणि आमच्या भांड्यांना लागू नये म्हणून दूर खिडकीत पालथा घालून ठेवायची.